पहिल्यांदाच केंद्राध्यक्षाची ऑर्डर आलीये, मशीनची भीती वाटते – काय करू?

प्रश्न विचारणाऱ्या मॅडम झेडपी शाळेवर आहेत, याआधी मतदान अधिकारी म्हणूनसुद्धा कधी बूथवर बसलेल्या नाहीत आणि आता थेट केंद्राध्यक्ष, म्हणजे मतदान केंद्राच्या प्रमुख, म्हणून ऑर्डर हातात आलीये. त्यांनी विचारलंय की मशीन बंद पडलं तर काय, शेवटी आकडा जुळला नाही तर सस्पेंड करतात का, आणि शाळेत कोणीतरी सुचवलंय की मेडिकल टाका आणि मोकळ्या व्हा, ते करावं का.

मॅडम, मी हायस्कूलला शिक्षक आहे. केंद्राध्यक्ष म्हणून बऱ्याच निवडणुका केल्या आणि नंतर क्षेत्रीय अधिकारी, म्हणजे काही बूथवर देखरेख करणारा, आपण ज्याला झोनल म्हणतो, तेही काम वाट्याला आलं, त्यामुळे बूथच्या आतून आणि बाहेरून दोन्हीकडून हे काम बघितलंय. तुमची भीती खरी आहे पण ती चुकीच्या जागी बसलीये असं मला वाटतं. मशीन बंद पडणं ही तुमची चूक नसते, मशीन बदलून मिळतं, त्यासाठीच झोनलकडे राखीव सेट असतो. लोक अडचणीत येतात ते दोन कारणांनी, एकतर ठरलेला क्रम मोडला म्हणून, नाहीतर जे घडलं ते त्याच वेळी लिहून ठेवलं नाही म्हणून. तुम्ही बोर्डाच्या परीक्षेला सुपरव्हिजन केलंच असेल, तिथे उत्तरपत्रिका किती आल्या, किती वाटल्या, किती कोऱ्या परत गेल्या याचा हिशोब लागल्याशिवाय कोणी घरी जात नाही, केंद्राध्यक्षाचं काम नव्वद टक्के तेच आहे. फरक एवढाच की इथे हिशोब उमेदवारांच्या माणसांसमोर द्यायचा असतो.

आधी मेडिकलचं बोलतो कारण ते लवकर संपतं. गरोदर असाल, अंगावर पिणारं बाळ असेल, खरोखर गंभीर आजार असेल तर कागद जोडून सरळ अर्ज करा, असे अर्ज सहसा मान्य होतात, पण जिल्ह्याजिल्ह्यात फरक पडतो आणि किती स्टाफ कमी पडतोय त्यावरही असतं. यातलं काही नसेल तर खोटं मेडिकल टाकू नका. शिक्षणाच्या हक्काच्या कायद्यात, कलम २७ मध्ये, शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत म्हटलंय पण त्यात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक हे अपवाद स्पष्ट लिहिलेले आहेत. आणि लोकसभा-विधानसभेला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २८ अ प्रमाणे निकाल लागेपर्यंत तुम्ही निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर धरल्या जाता, म्हणजे शिस्तीचा अधिकार त्या काळात आयोगाचा असतो, हेडमास्तर किंवा बीईओ (गटशिक्षणाधिकारी) काही करू शकत नाहीत. मी ज्या कारवाया होताना पाहिल्या त्या जवळजवळ सगळ्या गैरहजर राहणाऱ्यांवर, दारू पिऊन आलेल्यांवर किंवा झालेली गोष्ट लपवणाऱ्यांवर होत्या. प्रामाणिकपणे काम करताना अडलं, फोन केला, लिहून ठेवलं, अशा माणसावर कारवाई झालेली मी पाहिली नाही.

आता एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीये, निवडणूक कोणती? यावर बरंच अवलंबून आहे. लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो, झेडपी, पंचायत समिती, नगरपरिषद, महापालिका, ग्रामपंचायत राज्य निवडणूक आयोग घेतो, दोन्ही संस्था वेगळ्या, फॉर्म वेगळे, मशीनची जोडणीही वेगळी. २०२५-२६ मध्ये नगरपरिषदा आणि महापालिका झाल्या तेव्हा व्हीव्हीपॅट, म्हणजे मत कोणाला गेलं त्याची चिठ्ठी दाखवणारं यंत्र, नव्हतं, पण बहुतेक ठिकाणी एका मतदाराला दोन-तीन-चार मतं द्यायची होती, सगळ्या जागांची मतं दिल्याशिवाय त्या मतदाराचं मतदान पूर्ण होत नाही, आणि माणसं एक बटण दाबून बाहेर यायला निघतात. तिथे तुमचा सगळा दिवस "आजी, अजून बाकी आहे, परत आत जा" यातच जातो, तेही आत काय चाललंय ते न बघता. मी खाली लिहितोय ते लोकसभा-विधानसभेच्या पद्धतीचं, विचार दोन्हीकडे सारखाच आहे पण तपशील तुमच्या ट्रेनिंगच्या पुस्तिकेतूनच घ्या, कोणाच्या व्हॉट्सअॅप फॉरवर्डवरून नको, जुन्या निवडणुकीची पीडीएफ फिरत असते आणि सूचना दरवेळी थोड्या बदलतात.

आदल्या दिवशी तालुक्याला साहित्य वाटप असतं, तिथे प्रचंड गर्दी, उन्हात मंडप, माईकवर नावं पुकारणं चालू असतं, आणि सगळ्यांना घाई असते की एसटी सुटायच्या आत जागा धरू. इथे घाई करू नका. कंट्रोल युनिट (अधिकाऱ्याच्या टेबलावरचं), बॅलट युनिट (मतदार बटण दाबतो ते), व्हीव्हीपॅट तिन्हींचे नंबर तुमच्या कागदावरच्या नंबरशी ताडा, मतदार यादीच्या चिन्हांकित प्रतीवर तुमच्याच केंद्राचा नंबर आहे ना बघा, पानं सलग आहेत ना बघा, हिरवे पेपर सील किती मिळाले त्यांचे अनुक्रमांक लिहून घ्या, प्रदत्त मतपत्रिका (नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं तर द्यायच्या त्या कागदी) मोजून घ्या, शाईची बाटली हलवून बघा. पिशवीत तांदूळ-गव्हासारखं सामान भरून नेणारे केंद्राध्यक्ष रात्री शाळेत पोचल्यावर शोधाशोध करतात आणि मग मध्यरात्री झोनलला फोन. आणि तिथेच तुमच्या तिन्ही मतदान अधिकाऱ्यांचे फोन नंबर घ्या, त्यांना चहा पाजा, कोणाला आधीचा अनुभव आहे विचारा. यादी बघणाऱ्या पहिल्या अधिकाऱ्याचं वाचन चांगलं पाहिजे आणि आवाज मोठा पाहिजे. शाई लावणारा आणि १७ ए नोंदवहीत सही घेणारा दुसरा अधिकारी सगळ्यात शांत डोक्याचा पाहिजे कारण तुमचा सगळा हिशोब त्याच्या वहीवर उभा आहे. आता ऑर्डरवर कोण कितवा ते ठरलेलंच असतं, पण गर्दीच्या वेळी कोणाच्या शेजारी तुम्ही उभं राहायचं ते तरी तुम्हाला कळतं.

रात्री शाळेत पोचलात की झोपायच्या आधी टेबलं लावून घ्या. मतदान कक्ष खिडकीला पाठ करून ठेवू नका, बाहेरून दिसता कामा नये, आणि व्हीव्हीपॅटवर थेट ऊन किंवा वरून बल्बचा झोत पडणार नाही असं बघा, तीव्र प्रकाशाने ते बिघाड दाखवतं आणि सकाळी सातला कोणाला सुचत नाही की बल्ब काढून बघावा. गावातलं कोणी जेवायला बोलावेल, प्रेमाने बोलावेल, नम्रपणे नाही म्हणा, तो कोणत्या पार्टीचा आहे तुम्हाला माहीत नसतं आणि समोरच्या पार्टीला मात्र माहीत असतं. कोतवाल किंवा पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंकडून जेवणाची सोय होते, पैसे द्या आणि जेवा. बाई म्हणून तुम्हाला मुक्कामाची काळजी असणार, ती रास्त आहे, संडास-पाणी-लाईट आणि कडी नीट आहे का हे आधीच बीएलओला, म्हणजे त्या भागाच्या मतदार यादीचं काम बघणाऱ्याला, फोन करून विचारा, बीएलओ बहुतेक वेळा अंगणवाडी ताई किंवा तिथलेच शिक्षक असतात, ते खरं सांगतात. सोय नसेल तर झोनलला संध्याकाळीच सांगा, रात्री अकराला नाही.

आता पहाटे. मतदान सातला असेल तर मॉक पोल, म्हणजे मशीन तपासायचं सरावाचं मतदान, साडेपाचला, नव्वद मिनिटं आधी, आणि माझ्या मते अख्ख्या दिवसाची हार-जीत या दीड तासात ठरते. उमेदवारांचे एजंट आले नसतील तर पंधरा मिनिटं थांबा आणि मग सुरू करा, त्यांच्यासाठी सात वाजेपर्यंत ताटकळत बसायचं नसतं. कमीत कमी पन्नास मतं टाकायची, नोटासकट प्रत्येक उमेदवाराला मत गेलं पाहिजे, आणि कोणत्या उमेदवाराला किती टाकली ते एका कागदावर रेघा मारून लिहा. व्हीव्हीपॅट सुरू करताना सात चिठ्ठ्या आपोआप पडतात, त्या मतं नाहीत हे एजंटांना आधीच सांगा, नाहीतर मोजताना वाद होतो. मग क्लोज, रिझल्ट, चिठ्ठ्या काढून मोजणी, आकडा जुळला की क्लिअर. हा शेवटचा क्लिअर विसरतात. का विसरतात तर तोपर्यंत सहा चाळीस झालेले असतात, बाहेर रांग लागलेली असते, कोणीतरी ओरडत असतं, आणि मशीन सील करायची घाई सुरू होते. असं झालं तर मॉक पोलची पन्नास मतं खऱ्या मतांमध्ये मिसळतात आणि मतमोजणीच्या दिवशी ते मशीन बाजूला ठेवावं लागतं, अशा मशीनांमधल्या एकूण मतांपेक्षा विजयाचा फरक कमी निघाला तर व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजाव्या लागतात. म्हणून माझी पद्धत अशी की क्लिअर केल्यावर टोटल बटण दाबायचं, डिस्प्लेवर शून्य दिसलं पाहिजे, ते प्रत्येक एजंटला जवळ बोलावून दाखवायचं आणि त्यानंतरच मॉक पोलच्या प्रमाणपत्रावर सह्या घ्यायच्या. सही आधी घेतली की माणूस शून्य बघत नाही, तुम्हीसुद्धा बघत नाही. चिठ्ठ्या व्हीव्हीपॅटमधून पूर्ण काढल्या ना, मागे शिक्का मारला ना, काळ्या पाकिटात गेल्या ना, हे झालं की मग हिरवं सील, टॅग वगैरे.

एजंटांबद्दल थोडं जास्त लिहितो कारण नवीन माणूस त्यांना घाबरतो. तो गावातला पुढारी असतो, मोठ्याने बोलतो, तुम्हाला मॅडम मॅडम करत दबाव टाकतो असं वाटतं. पण विचार करा, दिवसभरात तुम्ही जे काही करणार त्याला दुसरा साक्षीदार कोण आहे? तुमचा स्टाफ तुमचाच, पोलीस दाराबाहेर. उद्या कोणी म्हणालं की मॅडमनी आधीच मतं भरून ठेवली होती तर तुमच्या बाजूने बोलणारा कागद म्हणजे ज्यावर चार वेगवेगळ्या पक्षांच्या एजंटांच्या सह्या आहेत तो. म्हणून त्यांना नीट बसायला जागा द्या, यादी बघता येईल अशी, सीलचे नंबर लिहून घ्यायला सांगा, प्रत्येक पायरीला मोठ्याने बोलून दाखवा की आता मी हे करतेय. त्यांना कक्षाजवळ फिरकू द्यायचं नाही, मतदाराशी बोलू द्यायचं नाही, मोबाईल आत नाही, हेही त्याच मोठ्या आवाजात, सगळ्या पक्षांना सारखं. एकाला सूट दिली की दिवस गेला.

दिवसभरात जे वाद होतात ते ठरावीक आहेत. सगळ्यात जास्त होणारा म्हणजे "माझ्याकडे मतदान कार्ड आहे, दरवेळी इथेच मत देतो, आज नाव कसं नाही". इथे मन कठोर करावं लागतं. कार्ड ही ओळख आहे, मताचा हक्क यादीतल्या नावाने मिळतो, नाव नसेल तर तुम्ही, झोनल, तहसीलदार कोणीही त्या दिवशी मत देऊ देऊ शकत नाही. पण त्या माणसाला झिडकारू नका. तो कामावर खाडा करून आलेला असतो, कधी पुण्या-मुंबईहून रात्रभर एसटीत उभा राहून आलेला असतो, त्याला बाहेर बीएलओच्या टेबलावर पाठवा, शेजारच्या खोलीतल्या केंद्राच्या यादीत नाव असू शकतं, खूपदा असतं.

दुसरा वाद, नावावर आधीच कोणी मत देऊन गेलंय. चार प्रश्न विचारा, खात्री पटली की हाच खरा माणूस, तर त्याला मशीनवर सोडायचं नाही, प्रदत्त मतपत्रिका द्यायची, १७ बी मध्ये सही घ्यायची आणि ती वेगळ्या पाकिटात. नवीन केंद्राध्यक्ष दयेपोटी त्याला मशीनवर मत देऊ देतात आणि मग एका नावावर दोन मतं. तिसरा, कोणी म्हणालं की मी एक बटण दाबलं आणि चिठ्ठी दुसऱ्याची दिसली. हे ऐकून घाम फुटतो पण नियम ४९ एमए तयारच आहे, खोटं निघालं तर शिक्षा होऊ शकते हे त्याला समजावून लेखी घोषणापत्र घ्यायचं, १७ ए मध्ये त्याची दुसरी नोंद करायची आणि तुमच्या व एजंटांच्या समोर त्याला चाचणी मत द्यायला लावायचं. मशीन बरोबर निघालं तर ते चाचणी मत कोणाला गेलं ते लिहून ठेवायचं, मतमोजणीत ते वजा होतं. खरंच चुकीचं निघालं तर मतदान तिथेच थांबवून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना फोन, स्वतः काही ठरवायचं नाही.

आणि मशीन बंद पडलंच तर, ज्याची तुम्हाला भीती आहे, नुसतं व्हीव्हीपॅट बिघडलं तर नुसतं व्हीव्हीपॅट बदलतात, मॉक पोल परत लागत नाही. कंट्रोल किंवा बॅलट युनिट बिघडलं तर तिन्हींचा पूर्ण सेट बदलतो आणि नोटासकट प्रत्येक उमेदवाराला एक-एक मत टाकून छोटा मॉक पोल घेऊन परत क्लिअर करून पुढे जायचं. आधीच्या मशीनमधली मतं त्यात सुरक्षित असतात, ती कुठे जात नाहीत, हे रांगेतल्या लोकांना बाहेर जाऊन स्वतः सांगा. वेळ लिहा, किती वाजता थांबलं, किती वाजता सुरू झालं. वायर काढताना-जोडताना कंट्रोल युनिटचा स्विच बंद पाहिजे, बहुतेक लिंक एररचं मूळ तिथेच असतं.

आता आकडा न जुळण्याचं. १७ ए मधल्या नोंदी, त्यातून सही करूनही मत द्यायला नकार दिलेले वजा, गुप्ततेचा नियम मोडला म्हणून थांबवलेले वजा, उरलेला आकडा मशीनच्या टोटलएवढा पाहिजे. चाचणी मत इथे वजा करायचं नाही, ते वहीतही दुसरी नोंद म्हणून असतं आणि मशीनमध्येही. तो बिघडतो कसा तर म्हाताऱ्या आजी सही-अंगठा करून शाई लावून घेतात आणि मत न देताच दाराबाहेर जातात, किंवा तिसऱ्या अधिकाऱ्याने बॅलट बटण दाबलं आणि मतदार बटण न दाबताच परतला आणि त्या रिकाम्या मतावर पुढचा मतदार गेला. म्हणून माझा आग्रह असा की दर तासाला, गर्दी असो नसो, वहीचा शेवटचा नंबर आणि मशीनची टोटल ताडून बघायची. दहा वाजता एकाचा फरक दिसला तर कोण माणूस तो आठवतो, संध्याकाळी सहाला दिसला तर देवालाही सापडणार नाही. आणि तरीही फरक राहिलाच तर १७ सी मध्ये, म्हणजे मतांच्या हिशोबाच्या फॉर्ममध्ये, जो आहे तोच लिहा, शेजारी कारण लिहा, केंद्राध्यक्षाच्या डायरीत लिहा. वहीत एखादी खोटी नोंद घुसवून किंवा खाडाखोड करून जुळवायचं मनातसुद्धा आणू नका. एकाचा फरक ही नोंद आहे, जुळवलेला आकडा हा गुन्हा आहे.

संध्याकाळी सहाला जे लोक रांगेत उभे असतील त्या सगळ्यांना मत देता येतं. सही केलेल्या चिठ्ठ्या वाटायच्या त्या शेवटच्या माणसापासून पुढे, दाराकडून मागे नाही, म्हणजे नंतर आलेला कोणी मागे चिकटत नाही. इथेच टीव्हीवर चाललेल्या त्या वादाबद्दल एक सांगतो, २०२४ च्या विधानसभेला पाच वाजता ५८.२२ टक्के सांगितले आणि शेवटी ६६.०५ झाले तेव्हा लोकांनी आम्हाला गावात अडवून विचारलं की मधली मतं आली कुठून. मी तुम्हाला राज्याचं सांगू शकत नाही, बूथचं सांगू शकतो. दर दोन तासांनी आपण तेव्हा फोनवर जो आकडा द्यायचो तो गडबडीत दिलेला अंदाजाचा, पाचनंतर पूर्ण एक तास मतदान असतं, शेतातून आणि कामावरून येणारी माणसं त्याच वेळी येतात, आणि चिठ्ठ्या दिलेली रांग सहानंतर संपायला काही ठिकाणी तास-दीड तास जातो. एका मतदाराला सरासरी एक मिनिट धरलं तर अकरा तासांत साडेसहाशे जण होतात, ज्या केंद्रावर हजारावर मतदार आहेत तिथे रांग उरणारच. शंका घेणाऱ्याला मी वाईट म्हणत नाही, शंका घ्यायचा हक्क आहे, पण त्याचं उत्तर त्या दिवशी तयार होतं ते १७ सी मध्ये. त्याची प्रत प्रत्येक हजर एजंटला द्यायचीच आहे, त्याने मागितली नाही तरी द्यायची आणि पोच घ्यायची. साडेसहालाच घरी जाणारा एजंट आपल्याच उमेदवाराचं नुकसान करतो, त्याला दुपारीच सांगून ठेवा की सही आणि प्रत घेतल्याशिवाय जाऊ नका.

शेवटचं क्लोज बटण दाबायला आणि व्हीव्हीपॅटची बॅटरी काढायला विसरू नका. मग पाकिटं. हिरव्या मोठ्या पाकिटात वैधानिक कागद, पिवळ्यात बिगर-वैधानिक, आणि १७ सी, डायरी, मॉक पोल प्रमाणपत्र हे हातात वेगळं ठेवा कारण जमा करण्याच्या टेबलावर तेच आधी मागतात. एकदा पाकीट सील केल्यावर आत राहिलेला कागद काढायचा म्हणजे रात्री बारा वाजता परत सुरुवात. जमेल तेवढी पाकिटं दुपारी जरा निवांत असताना नावं टाकून तयार ठेवा, डायरी जसजसं घडेल तसतशी भरा. स्ट्राँगरूमपाशी रांग असते, दोन तासही लागतात, पोच पावती हातात पडल्याशिवाय टीममधल्या कोणालाही सोडू नका, आणि बाई कर्मचाऱ्यांना रात्री घरी जायला गाडी कशी मिळणार हे सकाळीच झोनलला विचारून ठेवा, तो तुमचा हक्क आहे, उपकार नाही.

आत्ता या आठवड्यात करायचं ते एवढंच, ट्रेनिंगला गेल्यावर मागच्या बाकावर बसू नका, मशीन स्वतः जोडा, स्वतः मॉक पोल करून क्लिअर करा, दोनदा करा. आणि तुमचं स्वतःचं मत. ड्युटीवरच्या माणसांचीच मतं राहून जातात हे मला फार खटकतं. ट्रेनिंगच्या ठिकाणी पोस्टल मतासाठी फॉर्म १२ मिळतो, सुविधा केंद्रावर तिथेच मत देता येतं, ड्युटी स्वतःच्याच मतदारसंघात लागली असेल तर ईडीसी (निवडणूक ड्युटीचं प्रमाणपत्र) घेऊन ड्युटीच्या बूथवरच मशीनवर मत देता येतं. यादीतला तुमचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक आजच शोधून मोबाईलमध्ये ठेवा, फॉर्मवर तोच मागतात आणि तिथे तो कोणालाच आठवत नाही. निवडणूक कोणती आणि ट्रेनिंग कधी आहे ते इथे लिहिलंत तर त्याप्रमाणे आणखी सांगतो.